पहाटेची हवा : उष्ण हवेच्या फुग्यातून प्रथमच जाणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या पहाटे पन्हाळ्याच्या तटावरून किंवा जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापूरच्या दिशेस ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याच्या ध्यानात गुऱ्हाळांच्या धुराचा एक विशेष खचितच आला असेल. चुलवाणातून निघालेला धूर आरंभी सरळ वर चढतो, आणि थोड्याच उंचीवर पोचल्यावर, पुढची वाट कोणी अडविल्याप्रमाणे, आडवा पसरून पंचगंगेच्या खोऱ्यावर पातळ पट्ट्याच्या रूपाने पडून राहतो. सूर्य कासराभर वर आला की तो पट्टा विसकटू लागतो, आणि ऊन तापल्यावर तोच धूर चुलवाणातून बाहेर पडताक्षणी वेडावाकडा होऊन कोठे विरतो हे सांगता येत नाही. रात्रभर निवत गेलेल्या जमिनीने आपल्या लगतची हवा थंड व जड करून ठेविलेली असते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसलेले असते, आणि ते झाकण जोवर उन्हाने उचलले जात नाही तोवर खालची हवा जागची हलत नाही. हवेतून जाण्याच्या सफरीची ही पुस्तिका जमिनीवरच्या धुरापासून आरंभ करण्याचे कारण असे की, फुग्याचे बहुतेक शास्त्र, त्याची जवळजवळ सारी सुरक्षितता आणि माझ्या मते त्यातला निम्माअधिक आनंदही, त्या आडव्या पट्ट्याचा अर्थ ज्याला कळला त्याच्या हाती लागतो.

फुग्यात बसावयास जाणारा मनुष्य सामान्यतः देखावा पाहावयास जातो, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु देखावा डोंगरावरूनही दिसतो, विमानाच्या खिडकीतूनही दिसतो. ज्या हवेत आपण जन्मभर वावरतो, पण जिचे थर, जिचे ओघ, जिच्या वळणाच्या जागा आपल्याला कधीच जाणवत नाहीत, ती हवा अंगाने अनुभवण्याची मुभा मात्र या एकाच वाहनात मिळते. ही दृष्टी ठेवून जो टोपलीत पाऊल टाकील, त्याला पहिल्याच उड्डाणात पुष्कळ काही मिळेल, अशी माझी खात्री आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही, आणि तो थोडक्यात सांगून पुढे गेलेले बरे. 1782 साली सालबाईचा तह होऊन मराठे व इंग्रज यांच्यामधले पहिले युद्ध संपले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रान्स देशात कागदाचा कारखाना चालविणाऱ्या घराण्यातील मोंगोल्फिए बंधूंनी अॅनोने गावच्या चौकात, 4 जून 1783 रोजी, कापड व कागद यांची प्रचंड पिशवी धुराने भरून लोकांसमक्ष आकाशात सोडली. तिला वर नेणारी शक्ती धुरातच आहे, असा त्यांचा समज होता. वस्तुतः ती शक्ती उष्णतेने विरळ झालेल्या हवेची होती. 19 सप्टेंबरला व्हर्साय येथे राजासमोर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा असे तीन जीव वर जाऊन सुखरूप खाली आले, आणि 21 नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए व मार्की दार्लांद या दोघा पुरुषांनी स्वतः शेकोटीत गवताच्या पेंढ्या टाकीत पॅरिस शहरावरून सुमारे पंचवीस मिनिटे प्रवास केला. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात शार्ल नामक शास्त्रज्ञाचा हायड्रोजनाने भरलेला निर्मनुष्य फुगा गोनेस खेड्यात उतरला, तेव्हा भयभीत ग्रामस्थांनी दाताळी घेऊन त्याच्या चिंध्या केल्या, आणि असे फुगे पुन्हा दिसल्यास घाबरून जाऊ नये, अशा आशयाचा जाहीरनामा सरकारला काढावा लागला. आकाशातून शेतात अकस्मात उतरणारा आणि त्या शेताचा धनी या दोघांमधला हा पहिला प्रसंग पुढे पुन्हा आपल्या कामी येणार आहे.

त्यानंतर हायड्रोजनाच्या फुग्यांची चलती झाली आणि शेकोटीवर चालणारा फुगा जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे पडला, कारण उघड्या जाळाचे ओझे व धोका या दोन्ही गोष्टी त्याला भोवत होत्या. त्याचे पुनरुज्जीवन 22 ऑक्टोबर 1960 रोजी झाले. त्या दिवशी एड योस्ट या अमेरिकन गृहस्थाने नेब्रास्का प्रांतातील ब्रूनिंग येथून नायलॉनच्या कापडाचा फुगा प्रोपेन वायूच्या बर्नरवर उडविला, आणि आज जगभर जे फुगे दिसतात ते सारे त्याच आराखड्याचे वंशज होत.

महाराष्ट्राच्या भूमीचा या इतिहासाशी जो संबंध आहे तो सामान्य नव्हे. 26 नोव्हेंबर 2005 रोजी सकाळी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उद्योगपती विजयपत सिंघानिया हे एकटेच एका प्रचंड फुग्याखालच्या बंद, हवेचा दाब राखणाऱ्या कुपीत बसून निघाले, आणि 21,027 मीटर, म्हणजे 68,986 फूट उंची गाठून नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ पांचाळे गावच्या शिवारात उतरले. त्या वेळी त्यांचे वय 67 वर्षांचे होते. 1988 साली पेर लिंडस्ट्रँड यांनी अमेरिकेत 19,811 मीटरचा जो उच्चांक केला होता, तो त्यांनी मोडला. एव्हरेस्टच्या दुपटीहून अधिक उंचीवर, जेथे फुग्याला आधार देण्याइतकी हवासुद्धा मोठ्या मुष्किलीने मिळते, तेथे केवळ तापविलेल्या हवेच्या बळावर एका मनुष्याला नेण्यासाठी सोळा लक्ष घनफुटांचा घुमट शिवावा लागला होता. या पराक्रमाचा मला अभिमान वाटतो, आणि तो आपल्या शाळांतून आहे त्याहून पुष्कळ अधिक सांगितला जावा, असे माझे मत आहे. तथापि प्रथमच जाणाऱ्याने उंचीचा हव्यास मुळीच धरू नये. नेहमीची सफर झाडांच्या शेंड्यांपासून एकदोन हजार फुटांपर्यंतच्या पट्ट्यात होते, आणि त्यातही जितके खाली राहावे तितके सुख अधिक. कारण शेदोनशे फुटांवरून कुत्र्याचे भुंकणे, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज, शेतातल्या दोन माणसांचे बोलणे इतके स्पष्ट ऐकू येते की ऐकणाराच संकोचतो.

आता फुगा वर कसा जातो, हे पाहू. समुद्रसपाटीजवळ वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो भरते. तीच हवा शंभर अंशांपर्यंत तापविली की प्रसरण पावून तेवढ्याच जागेत सुमारे 0.95 किलोच उरते. हा जो पाव किलोचा फरक, तीच फुग्याची सारी कमाई. तीन हजार घनमीटरांच्या मध्यम फुग्यात त्यातून साडेसातशे किलोंच्या आसपास उचल मिळते, आणि तीतून कापड, टोपली, बर्नर व वायूच्या टाक्या यांचे वजन वजा जाता जे राहील तेवढ्यात वैमानिक व प्रवासी बसवावयाचे असतात. म्हणूनच निघण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन विचारतात. ते कोणी संकोचाने कमी सांगू नये, कारण वैमानिक त्या आकड्यावर खरोखरीचा हिशेब बांधीत असतो. बाहेरची हवा जितकी थंड तितका हा फरक मोठा, आणि स्थान जितके उंच तितका तो लहान. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच असल्याने कोकणपट्टीच्या तुलनेने येथे उचल काहीशी कमी मिळणार. ती तूट पौषातली थंडी भरून काढते, वैशाखातली पहाट भरून काढू शकत नाही.

फुग्यात कोंडलेल्या त्या तप्त हवेचे वजन मात्र थोडेथोडके नसते. तीन हजार घनमीटरांच्या घुमटात जवळजवळ तीन टन हवा असते, आणि एवढ्या मोठ्या पदार्थाला वेग देण्यास वा थांबविण्यास वेळ लागतो. या ठिकाणी मला पुन्हा गुऱ्हाळाचीच आठवण होते. चुलवाणापाशी बसून वाळलेली चिपाडे आत सारणाऱ्या माणसाला हे पक्के ठाऊक असते की, आता घातलेल्या जाळाचा परिणाम काहिलीतल्या रसावर लागलीच दिसणार नाही. म्हणून रस उतू येण्याच्या आधीच तो हात आखडता घेतो, आणि उकळी मंदावण्याच्या आधीच जाळ वाढवितो. बर्नरच्या कळेवर हात ठेवून उभा असलेला वैमानिक नेमके हेच करीत असतो. ज्वाला सोडल्यापासून फुगा चढू लागेपर्यंत कित्येक सेकंद जातात. समोर दिसणारा आंबा ओलांडावयाचा तर जाळ आंब्यापाशी पोचल्यावर सोडून उपयोग नाही, तो दोन शेते अलीकडेच सोडावा लागतो. चांगला वैमानिक अखंड भडका करीत नाही, तो मापून फुंकर सोडतो, आणि प्रवाशाला हा ताल एकदा कानाने कळला की त्याची भीती आपोआप निघून जाते. घुमटाच्या शिरोभागी कापडाचीच एक गोल झडप असते. तिची दोरी ओढली की तप्त हवा निसटून फुगा उतरू लागतो. वर जाण्यास जाळ व खाली येण्यास दोरी, एवढीच साधने वैमानिकाच्या ताब्यात असतात. उजवीडावीकडे वळविणारे सुकाणू फुग्याला नाही.

तर मग दिशा कशी साधते? ती वाऱ्याच्या थरांतून निवडावी लागते. जमिनीलगतचा वारा झाडे, घरे, टेकाडे यांच्या घर्षणाने मंद झालेला असतो; वर जावे तसतसा तो वेगवान होतो, आणि आपल्या उत्तर गोलार्धात सामान्यतः, ज्या दिशेस आपण चाललो आहोत तिच्या उजव्या अंगास वळत जातो. म्हणून उजवीकडे जाऊ इच्छिणारा वैमानिक चढतो, डावीकडे येऊ इच्छिणारा उतरतो. डोंगरांच्या कुशीतल्या खोऱ्यात तर पहाटे उतारावरून ओघळून आलेली थंड हवा तळाशी एका दिशेने आणि वरचा वारा निराळ्याच दिशेने वाहत असल्याचे आढळते, आणि कुशल वैमानिक त्या दोहोंचा उपयोग करून निघाल्या जागेच्या आसपासही परत येऊ शकतो. परंतु हे सारे हवा ज्या दिवशी जे देईल त्यावर अवलंबून असते. प्रवाशाला वारा मात्र अंगाला लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जात असतानाही हातातल्या कागदाचा कोपरा हलत नाही. उंचीवर ज्यांना घेरी येते अशा अनेकांना टोपलीत ती येत नाही, कारण जमिनीपर्यंत पोचणारी भिंत वा दोर नजरेला दिसत नसल्यामुळे खोलीचे जे भान कड्यावर होते ते येथे होत नाही.

कोल्हापुरातील वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, हा प्रवास आपल्या शिवारावरून का होऊ नये? मीही त्याचा पुष्कळ विचार केला आहे. हवा अनुकूल आहे. पावसाळा व वळिवाचे दिवस वगळता थंडीच्या शांत पहाटा येथे भरपूर मिळतात. अडचण जमिनीची आहे. नदीच्या दोन्ही तीरांस उसाचे सलग पट्टे, त्यात पुरुषभर उंचीहून अधिक वाढलेला ऊस, आणि उपसा सिंचनाच्या मोटारींसाठी बांधाबांधावरून गेलेल्या विजेच्या तारा. फुग्याला विजेच्या तारेसारखा शत्रू दुसरा नाही. उभ्या उसात उतरणे म्हणजे पिकाची नासाडी, आणि तोडणी झालेल्या रानात उतरावे तर वाळलेले पाचट पसरलेले असते, ज्याजवळ ठिणगीसुद्धा नेऊ नये. शिवाय म्हशी. बर्नरचा आवाज डोक्यावर अकस्मात झाला तर त्या दावे तोडून धावतात, आणि ज्या जिल्ह्यातल्या घरोघरच्या संसाराचा मोठा भाग दुधावर चालतो तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. गोठ्यांवरून जाताना वापरावयाचा मंद आवाजाचा निराळा जाळ बर्नरमध्ये असतो तो याचसाठी. त्यातच राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत 1939 साली सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ आता पुन्हा नियमित वापरात असल्यामुळे सभोवारच्या आकाशात हवाई नियंत्रण कक्षाच्या परवानगीवाचून काहीही उडविता येणार नाही. पूर्वेकडे, माळरानाच्या बाजूस, जमीन पुष्कळ मोकळी होत जाते, आणि कधी काळी सोय झालीच तर ती तिकडे व्हावी, असे मला वाटते. तूर्त महाराष्ट्रीय प्रवाशाला लोणावळ्याजवळ कामशेतचा परिसर, त्यापलीकडे जयपूर, आणि दक्षिणेस पोळ्ळाचीचा वार्षिक मेळा, ही ठिकाणे अधिक सोयीची आहेत.

कायद्याच्या दृष्टीने फुगा हे विमानच होय. 1934 च्या विमान अधिनियमाने वायुयानाच्या व्याख्येत बांधलेले व मोकळे अशा दोन्ही प्रकारच्या फुग्यांचा, इतकेच नव्हे तर पतंगांचाही, नामनिर्देश केला होता. फुग्याला नोंदणी व उड्डाणयोग्यतेचा दाखला लागतो, वैमानिकाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. तिकीट काढण्यापूर्वी हे कागद पाहावयास मागण्यात अवमान कोणाचाच होत नाही, आणि जो मालक ते दाखविण्यास कां-कूं करील त्याच्याकडे पाठ फिरवावी.

यापेक्षाही महत्त्वाचे एक लक्षण आहे, आणि या प्रस्तावनेत मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच. जो वैमानिक पहाटे चार वाजता उठवून आणलेल्या प्रवाशांना, वारा पाहून, ‘आज जाता येणार नाही’ असे सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा. उड्डाणापूर्वी तो एक लहानसा रबरी फुगा आकाशात सोडून त्याकडे बराच वेळ पाहत राहतो. त्या चिमुकल्या फुग्याचे वर जाता जाता कोठे कोठे वळणे हीच त्या दिवसाच्या हवेची लेखी जबानी. जमिनीलगत वारा ताशी पंधरा-अठरा किलोमीटरांपलीकडे गेला, धुके दाटले, क्षितिजावर गडगडाटी ढग दिसले, की बेत रद्द झालाच पाहिजे. 30 जुलै 2016 रोजी अमेरिकेत टेक्सस प्रांतातील लॉकहार्टजवळ एक फुगा विजेच्या तारांवर आदळून त्यातील सोळाही जण मृत्यू पावले. धुके आणि खाली आलेले ढग असताना निघण्याचा व पुढे जात राहण्याचा निर्णय त्या अनर्थाच्या मुळाशी होता, असे चौकशीत ठरले. 26 फेब्रुवारी 2013 रोजी इजिप्तमधील लक्सर येथे उतरत असलेल्या फुग्याच्या टोपलीत आग लागली, फुगा पुन्हा वर गेला आणि कोसळला, व एकोणीस माणसे दगावली. हे प्रकार लपवून ठेवून प्रवाशाला उत्साहित करणे मला पटत नाही. योग्य हवेत, योग्य हातांत हे वाहन शांत व विश्वासाचे आहे. परंतु ती योग्यता ठरविणे जमिनीवर असतानाच शक्य असते, आणि त्या घटकेला प्रवाशाचा हट्ट, त्याची रजा, त्याने भरलेले पैसे, यांचे ओझे वैमानिकाच्या मनावर पडता कामा नये. आपण परगावाहून आलो आहोत म्हणून ‘थोडे फिरवून तरी आणा’ अशी गळ घालणारा प्रवासी स्वतःच्याच नव्हे, बरोबरच्या साऱ्यांच्या जिवाशी खेळत असतो. म्हणून जाणाऱ्याने एक दिवस हाताशी राखूनच निघावे.

पोशाखाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सुती कपडे, बंद बूट आणि डोक्याला घट्ट बसणारी सुती टोपी. बर्नरची धग माथ्यावर चांगलीच जाणवते. मोकळ्या सुटणाऱ्या ओढण्या, पदर व फेट्याचे शेमले मात्र बांधून घ्यावेत. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, आणि पाठीच्या किंवा गुडघ्याच्या व्याधीने पीडलेले यांनी जाऊ नये, व त्याचे कारण उड्डाणात नसून उतरण्यात आहे.

उतरणे हा या सफरीचा सर्वांत जिवंत भाग होय. वारा शांत असेल तर टोपली दवाने भिजलेल्या गवतावर हळूच टेकते. वारा असेल तर ती टेकते, उसळते, पुन्हा टेकते, आडवी होते आणि काही अंतर ओढलीही जाते. वैमानिकाने सांगताच कॅमेरा आत ठेवून, पाठ जाण्याच्या दिशेस करून, गुडघे किंचित वाकवून, टोपलीच्या आतल्या दोऱ्या दोन्ही हातांनी घट्ट धराव्यात. हात बाहेर काढू नये, कडेवर टेकू नये. टोपली थांबली म्हणून कोणीही आपण होऊन बाहेर उडी मारू नये, कारण एका माणसाचे साठ-सत्तर किलो अकस्मात उतरले की फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर निघतो. घुमटातली हवा पुरती गेल्यावर वैमानिक परवानगी देतो, आणि मग कापड गुंडाळण्याच्या कामाला सर्वांनी हात लावावा. ही रीत जगभर आहे, आणि ती चांगली आहे.

एवढ्यात बांधावरून शेताचा धनी येतो. त्याने आपल्याला बोलाविलेले नसते, त्याची संमती आधी घेणे वाऱ्याने अशक्य केलेले असते, आणि तरीही आपण त्याच्या हरभऱ्यात उभे असतो. बहुतेक शेतकरी कौतुकाने येतात, पोरे गोळा होतात, कोणी पाणी आणून देतो; या आतिथ्याने भारावून जाऊन नुकसानीचा विषय गुलदस्तात ठेवणे हा मात्र अप्रामाणिकपणा होय. पाठलाग करीत आलेली जीप परवानगीवाचून पिकात घालू नये, जमावाला बांधावरच थोपवावे, आणि भरपाईचा निवाडा निघण्यापूर्वी, जागेवरच, करावा. तो काम चालविणाऱ्यांचा प्रांत आहे हे खरे, पण प्रवाशानेही तो झाल्याखेरीज गाडीत बसू नये, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी या पुस्तिकेच्या अखेरीस एक साधा नमुना छापला आहे: गाव, गट नंबर, उभे पीक, मोडलेल्या सऱ्यांची संख्या, ठरलेली रक्कम, ती पोचल्याची पावती, आणि दोन्ही पक्षांच्या सह्या.